दोन पिवळ्यांपैकी कोणता? खोलीच्या रंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की नागपुरात घरोघरी रंगाचं काम निघतं, आणि आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो. पिवळा ठरला आहे, पण शेड कार्डावरच्या दोन चौकोनांवर घोडं अडलं आहे. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दोन्ही पिवळे सारखेच दिसतात. मग कोणताही एक लावला तर काय बिघडतं?

कधीकधी काहीच बिघडत नाही. दोन्ही एकाच पट्टीवरचे, खालीवरचे चौकोन असतील तर फरक फक्त फिकेगडदपणाचा आहे. अशा वेळी फिका घ्या आणि मोकळे व्हा (कारण प्रश्न ३ मध्ये आहे). पण एक हिरवट अंगाचा (म्हणजे आतून हिरव्याकडे झुकणारा) आणि दुसरा केशरी अंगाचा असेल, तर ती जोडी फक्त कार्डावर सारखी आहे. कार्डावरचा चौकोन काडेपेटीएवढा असतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती दारं-खिडक्या धरून ४४० चौरस फूट भरतात. तेवढ्या पसाऱ्यात रंगाचं अंग लपत नाही. हिरवट पिवळा चुकीच्या खोलीत गेला तर माणसांचे चेहरे आजारी दिसतात, आणि केशरी पिवळा चुकीच्या खोलीत गेला तर मे महिन्यात अंगावर येतो.

२. रंगाचं अंग कोणतं, हे साध्या डोळ्यांनी कसं ओळखायचं?

त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद चौकोन पाहा. फिक्यात लपलेलं गडदात उघडं पडतं. वरचे दोन फिके पिवळे जुळे वाटतील, पण खाली एकाच्या पट्टीच्या टोकाला पोपटीकडे झुकणारा रंग असेल आणि दुसऱ्याच्या टोकाला झेंडूसारखा. झुकाव तिथेच कळतो.

घरी करून पाहायचं तर पांढऱ्या कागदावर दोन्ही चौकोन ठेवा, एका बाजूला पिकलेलं लिंबू आणि दुसऱ्या बाजूला चमचाभर हळद. लिंबाशेजारी जो चौकोन एकदम तांबूस वाटू लागतो तो केशरी अंगाचा. हळदीशेजारी जो हिरवा वाटतो तो हिरवट अंगाचा. दोन्हींशेजारी जो मळकट दिसतो तो मातकट अंगाचा, म्हणजे चुन्यात पिवळी माती घालून यायचा त्या जातीचा. हे दिवसा खिडकीशी करा, ओट्यावरच्या दिव्याखाली नको. कार्डावर शेजारचे चौकोन डोळ्यांची दिशाभूल करतात, म्हणून पांढऱ्या कागदाला चौकोनाएवढी खिडकी कापून एकेक रंग एकटा पाहा. रंगाच्या नावावर मात्र जाऊ नका. ‘क्रीम’, ‘लेमन’, ‘गोल्ड’ ही नावं विक्रीसाठी असतात. कोड लिहून घ्या.

३. कार्डावर छान फिका वाटलेला पिवळा भिंतीवर इतका भडक कसा होतो?

भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात. पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो आणि बाकीचा परत पाठवतो. तो परतलेला पिवळट प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथे आणखी निळा गळतो, आणि असं होत होत खोलीतला सगळा उजेडच पिवळा होतो. कोपऱ्यात उभं राहून पाहा, दोन भिंती जुळतात तिथे रंग सगळ्यात गर्द दिसतो. पांढरं छतसुद्धा भिंतींच्या बाजूने पिवळट होतं, आणि लोकांना वाटतं पेंटरने छताच्या डब्यात गडबड केली. तसं काही नसतं.

म्हणून दोघांत मन अडलं असेल तर आम्ही नेहमी त्यातला मंद, किंचित मळकट वाटणारा सुचवतो. दुकानात तो निस्तेज वाटतो आणि बहुतेक जण तो बाजूला सारतात. भिंतीवर चढल्यावर तोच स्वच्छ पिवळा दिसतो. याला अपवाद म्हणजे समोरासमोर भिंती नसलेली जागा, जसं एका बाजूने उघडा व्हरांडा, किंवा जिथे एकच भिंत पिवळी आणि बाकी पांढऱ्या आहेत. तिथे कार्डावर दिसला जवळपास तसाच रंग मिळतो.

४. सॅम्पल किती मोठं लावायचं, आणि थेट भिंतीवर लावलं तर चालेल का?

थेट भिंतीवर नको. जुना रंग निळा किंवा गुलाबी असेल तर त्याच्या शेजारी कोणताही पिवळा वेगळाच भासतो. दोन-दोन फुटांचे हार्डबोर्डाचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, त्यावर पांढरा प्रायमर मारा, मग प्रत्येक रंगाचे दोन पूर्ण हात द्या. चारही बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडा. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. शेजारी ठेवले की डोळा फरक वाढवून दाखवतो, आणि शेवटी भिंतीवर तर एकच रंग राहणार आहे. एक तुकडा दिवसभर ठेवा, दुसऱ्या दिवशी तो काढून दुसरा ठेवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर आणि कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी पाहा. मशीनवर रंग बनवून देणाऱ्या बऱ्याच दुकानांत सॅम्पलची छोटी डबी मिळते. नसेल तर एक लिटर घ्या.

ओल्या सॅम्पलवर निर्णय घेऊ नका. इमल्शन ओलं असताना दुधट, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. चुना आणि डिस्टेंपर याच्या उलट, ओले गडद आणि वाळल्यावर फिके.

५. आमच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. दिशेप्रमाणे पिवळा बदलायचा का?

बदलायचा, आणि नागपूरचं ऊन लक्षात घेऊनच. इथे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडक्यांनाही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. म्हणजे दिवाळीच्या आधी पाहिलेली खोली आणि उन्हाळ्यातली खोली एकाच उजेडात नसते.

पश्चिमेच्या खिडकीत चारनंतर तांबूस ऊन येतं आणि केशरी अंगाचा पिवळा भगव्याकडे जातो. तिथे हिरवट किंवा मातकट अंग बरं, ते ऊन त्याला सावरून घेतं. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ आकाशाचा निळसर उजेड असतो, त्यात हिरवट पिवळा आणखी हिरवा आणि मरगळलेला दिसतो. तिथे केशरी अंग घ्या. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर थंड असते, तेव्हा ती खोली तुम्ही कधी वापरता ते महत्त्वाचं. दोघंही नोकरीवर जात असाल तर बेडरूमला सकाळी सात आणि रात्री दहा या दोनच वेळा पाहा. दुपारी दोनचा रंग तिथे कोण पाहतं?

महाल-इतवारीच्या दाट वस्तीत दिशेपेक्षा समोरचं घर जास्त चालतं. समोरची भिंत चार फुटांवर असेल आणि ती गुलाबी असेल, तर तुमच्या खोलीत गुलाबी उजेड येतो. अशा घरांत सॅम्पल पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका.

६. उन्हाळ्यात आम्ही खिडक्यांवर हिरवी नेट बांधतो. त्याने रंग बदलतो का?

खूप. हा प्रश्न लोक रंग लावून झाल्यावर विचारतात, खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला हवा. हिरव्या शेडनेटमधून येणारा उजेड हिरवा असतो, आणि हिरवट अंगाचा पिवळा त्यात पोपटी होतो. नेट मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत राहत असेल तर वर्षाचा जवळजवळ चौथा हिस्सा तुम्ही त्याच उजेडात राहणार. रंगाचं काम हिवाळ्यात असलं तरी सॅम्पल पाहताना एक दिवस ती नेट माळ्यावरून काढून खिडकीवर टाका. खिडकीशी दाट कडुनिंब असेल तर तोही थोडा हाच परिणाम करतो. अशा खोलीला केशरी अंग घ्या, किंवा नेटच पांढरी घ्या.

७. दिवसा आवडलेला रंग रात्री दिव्यात हिरवा दिसतो. रंग चुकला की दिवा?

बहुतेक वेळा दिवा. आपल्याकडे घरांत सर्रास ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढरेशुभ्र एलईडी लावतात. त्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो, म्हणून पिवळा थंड, हिरवट दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्यात तोच रंग तांबूस होतो. पिवळ्या खोलीला आम्ही ४००० केल्विन सुचवतो. खोक्यावर तो आकडा लिहिलेला असतो. त्याच खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, दिला असेल तर ९० किंवा त्याहून जास्त पाहा.

यात एक गोम आहे. दोन रंग एका दिव्यात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या दिव्यात वेगळे पडतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून बनलेले असतात. म्हणून दुकानाच्या दिव्याखाली ‘दोन्ही सेमच आहेत’ असं कुणी म्हटलं तर ते त्या दिव्यापुरतं खरं. आधी दिवा बदलून पाहा. बल्ब भिंतीपेक्षा स्वस्त पडतो.

८. मोबाइलवर फोटो पाठवला तर तुम्ही सांगाल का?

फोटोवरून अंग सांगता येत नाही. मोबाइल स्वतःहून पिवळेपणा कमी करतो, पांढरं पांढरं दिसावं म्हणून. फोटो पाठवायचाच असेल तर सॅम्पलशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे ते लिहा. त्यातून निदान दोघांतला गडद कोणता एवढं कळतं.

९. फरशी आणि दारं आहेत तीच राहणार आहेत. त्यांच्याशी कोणता पिवळा जुळेल?

जे बदलणार नाही त्यापासूनच सुरुवात करायची. विदर्भातल्या कित्येक घरांत दारं-चौकटी सागवानाच्या आहेत, आणि पॉलिश केलेलं सागवान तांबूस-तपकिरी असतं. केशरी अंगाचा पिवळा त्याच्यात मिसळून जातो, इतका की मध्यम गडद रंग घेतला तर दार आणि भिंत एकच वाटू लागतात. मातकट अंगाचा फिका पिवळा सागवानाला उठाव देतो. ही जोडी आम्हाला मनापासून आवडते. हिरवट कोटा फरशीवर हिरवट पिवळा चालतो, पण लालसर किंवा गुलाबी झाक असलेल्या टाइल्सवर तो वाईट भांडतो. बोर्ड फरशीवर टेकवून उभा करा, दोन मिनिटांत कळेल.

दारं पांढऱ्या ऑइलपेंटची असतील तर एक ध्यानात ठेवा. तो पांढरा काही वर्षांत स्वतःच पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या जागी जास्त पडतो. फार फिका पिवळा निवडला तर एक दिवस दार भिंतीपेक्षा पिवळं दिसेल. तिथे पाण्यात मिसळणारा पांढरा इनॅमल घ्या.

१०. तोच कोड मॅटमध्ये आणि चमकदार फिनिशमध्ये वेगळा का दिसतो?

चमकदार पृष्ठभाग उजेड एका दिशेने परतवतो. समोरून रंग गर्द दिसतो, बाजूने पांढरी चकाकी येते. मॅट सगळीकडे सारखा आणि जरा फिका दिसतो. दोन पिवळ्यांची तुलना करताना दोन्ही सॅम्पल एकाच फिनिशमध्ये घ्या, नाहीतर तुलना रंगाची न होता चमकेची होते. स्वयंपाकघरात पुसता येणारं हलकं चमकदार फिनिश घ्या, फोडणीचे डाग मॅटवरून निघताना रंगही घासला जातो. पुट्टीचे उंचसखल भाग चमकेत उघडे पडतात, म्हणून जुन्या भिंतीला बैठकीत मॅटच बरा.

११. पेंटर म्हणतो दोन हात पुरेत. शेजारी म्हणतात पिवळ्याला तीन लागतात. खरं काय?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फिके पिवळे पांढऱ्या बेसमध्ये (ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनते त्या मूळ रंगात) बनतात आणि त्यातला पांढरा रंग भिंत झाकतो, तिथे प्रायमरवर दोन हात पुरतात. तेजस्वी, लिंबासारखे पिवळे पारदर्शक बेसमध्ये बनतात आणि त्यांची रंगद्रव्यं झाकायला कमजोर असतात, त्यांना तीन हातही लागतात. मातकट पिवळे लोहाच्या ऑक्साइडमुळे चांगले झाकतात आणि उन्हात टिकतातही. तुमच्या दोघांपैकी एक तेजस्वी आणि एक मातकट असेल तर मजुरीचा फरक आधीच विचारून घ्या. तिसरा हात वाचवला तर रोलरचे पट्टे दिसतात आणि रंग निवडताना पाहिला होता तो रंगच दिसत नाही.

१२. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या रंगात बनवून घेतला तर?

जवळपास येतो, तंतोतंत नाही. दोन पिवळ्यांतला फरक मुळात बारीक असेल तर या अदलाबदलीत तो पुसला जाऊन तिसराच पिवळा हाती येऊ शकतो. ज्या कंपनीत सॅम्पल पाहिलं त्याच कंपनीचा, त्याच प्रतीचा रंग घ्या. सगळे डबे एकाच वेळी बनवून घ्या, आणि पेंटरला सांगून मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करा. नाहीतर भिंतीच्या मधोमध डबा बदलल्याची रेघ दिसते.

१३. फिका पिवळा लावला तर उन्हाळ्यात खोली कमी तापेल का?

आतल्या रंगाने तापमानात जाणवण्याइतका फरक पडत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा उष्णता गच्चीतून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येते. गच्चीवर पांढरा लेप आणि बाहेरच्या भिंतीला फिका रंग, याचा उपयोग होतो. आत फरक डोळ्यांना पडतो. केशरी अंगाच्या खोलीत गरम वाटतं, आणि हे वाटणंही खरंच असतं. उन्हाळ्याची धास्ती असलेल्यांनी फिका मातकट घ्यावा.

१४. कूलरच्या खिडकीखाली पिवळ्यावर डाग पडतात. गडद घेतला तर लपतील?

कूलरच्या पाण्याचे ओघळ आणि ओलीने आलेले पांढरे क्षार फिक्यावर तपकिरी दिसतात, गडदावर पांढरे. लपत कुठेच नाहीत. कूलरची फ्रेम आणि चौकट यांतली फट बुजवा, पाण्याचा उतार बाहेर काढा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मग रंगाचं पाहा. पोपडे धरलेल्या भिंतीवर कोणताच पिवळा टिकत नाही. नव्या प्लॅस्टरलाही किमान महिनाभर द्या. ताजं सिमेंट क्षारयुक्त असतं आणि काही तेजस्वी पिवळे त्यात विटतात.

१५. घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन्ही रंग पांढरेच दिसतात. त्यांचं ऐकायचं का?

त्यांना खरोखर तसंच दिसतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि पांढरा व फिका पिवळा यांत फरक करणं अवघड जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर जग एकदम निळसर, उजळ दिसू लागतं आणि तोच पिवळा त्यांना जास्त स्पष्ट दिसतो. ऑपरेशन जवळ आलं असेल आणि खोली त्यांचीच असेल, तर रंग त्यानंतर निवडा. त्यांच्या खोलीत दाराची चौकट आणि स्विचबोर्ड भिंतीपेक्षा ठळक वेगळे ठेवा, दोन पिवळ्यांतल्या फरकापेक्षा त्याचा उपयोग मोठा. घरातल्या एखाद्या पुरुषाला हिरवट आणि केशरी पिवळा एकच वाटत असेल तर तोही हट्ट नसतो. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं पुरुषांत जास्त आढळतं.

१६. पिवळ्या रंगात शिसं असतं म्हणतात. मुलांच्या खोलीत लावावा का?

जुन्या पिवळ्या ऑइलपेंटांत शिशाचं क्रोमेट सर्रास वापरलं जायचं, ही भीती तिथून आली आहे. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्या. खरी काळजी जुन्या घरांतल्या दारं-खिडक्यांची करा. त्यांच्यावरचा जुना पिवळा थर कोरडा घासू नका, ओला करून घासा, आणि त्या वेळी लेकरांना घरापासून दूर ठेवा.

१७. ठरतच नाही. दोन भिंतींना एक आणि दोन भिंतींना दुसरा लावला तर?

नका लावू. एकाच रंगाच्या दोन भिंतीसुद्धा उजेडामुळे दोन छटांच्या दिसतात. त्यात खरोखर दोन जवळचे रंग आले की रंग कमी पडला आणि दुसरा आणला असं वाटतं. दोन्ही आवडत असतील तर दोन खोल्यांना द्या, मध्ये दार असू द्या. एकाच खोलीत हवे असतील तर एक पिवळा आणि दुसरा त्याच पट्टीवरचा तीन-चार पायऱ्या गडद, असा फरक ठेवा.

१८. वास्तूप्रमाणे दोघांतला कोणता?

पिवळा ठरला म्हणजे तो प्रश्न तिथेच सुटला. हिरवट अंग की केशरी अंग हे उजेडावरून ठरवा.

१९. लावून झाला आणि पसंत पडला नाही. आता?

खोली रिकामी असताना मत बनवू नका. सामान, पडदे, गाद्या आत आल्या की भिंतीचा निम्मा भाग झाकला जातो आणि भिंतींची आपसातली फेकाफेक कमी होते, तेव्हा भडकपणा उतरतो. दुसरा हात पूर्ण वाळू द्या, दिवे बदलून पाहा (प्रश्न ७), आठवडाभर राहा. तरी खटकत असेल तर चारही भिंती पुन्हा करायची गरज नसते. खिडकीसमोरची भिंत सगळ्यात जास्त उजेड फेकते. ती एकटी पांढरी केली की बाकीच्या तिन्ही शांत होतात.

२०. उरलेल्या रंगाचं काय करायचं?

डबा घट्ट बंद करून, उन्हापासून दूर, सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, तिथे उन्हाळ्यात रंग खराब होतो. झाकणावर खोलीचं नाव, कोड, बेस आणि तारीख लिहा, आणि मशीनच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. वर्षभरानंतर भिंतीवर ठिपका लावून डागडुजी करू नका. भिंतीवरचा रंग तोवर बदललेला असतो आणि ठिपका वेगळा उठून दिसतो. डाग असेल ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारा.